बेळगावात काय घालायचं? कपड्यांची सीमा पावसावरून जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून दोघांची दोन-तीन वर्षांसाठी बेळगावला बदली झाली आहे. एकाची नोकरी बँकेत, दुसऱ्याची कॉलेजात. कामानिमित्त खानापूर, निपाणी, अथणी या तालुक्यांत फिरणं होईल, लग्नकार्यांची आमंत्रणं येतील. तिथली माणसं पुण्यापेक्षा साधी राहतात की नटूनथटून? इथून काय न्यावं, तिथं काय शिवून घ्यावं?

साधं की स्टायलिश, हा काटा बेळगावला लावला तर वजन चुकतं. इथं पाहायचं असतं ते रोजच्या कपड्यांत आणि कार्याच्या कपड्यांत किती अंतर आहे ते. पुण्यात माणूस जीन्स-कुर्त्यात ऑफिसला जातो, संध्याकाळी त्याच कपड्यांत बारशाला जाऊन येतो, कुणाला काही वाटत नाही. बेळगावात सकाळी दारात रांगोळी काढणारी बाई नाईटीवर टॉवेल टाकून उभी असते, शेजारचे काका लुंगी-बनियनवर दूध आणायला जातात. हीच दोघं संध्याकाळी अक्षतांना निघाली की काठपदराची साडी, गजरा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मधली पायरी जवळजवळ नाहीच. आणि बाहेरून आलेला माणूस नेमका तीच मधली पायरी बॅगेत भरून आणतो: चुरगळलेलं लिनन, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, सैल टी-शर्ट. घरात वापरायला ते जास्तीचं, बाहेर घालायला कमी.

दुसरी गोष्ट इस्त्रीची. इथं कपडा जुना चालतो, विटका चालतो, खरं चुरगळलेला चालत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे आणि आसपासच्या कित्येक गावांत घरटी कुणीतरी फौजेत आहे किंवा होता. इन केलेला शर्ट, पॅंटीची धार, पॉलिश केलेला बूट ही सवय त्या वाटेनं घरात शिरली असावी. पुढारी मंडळींचा पांढरा शर्ट-पांढरी पॅंट हा गणवेशही इथं अजून जोरात आहे, आणि त्याला स्टार्च लागतो. कापड सुती असेल तर भाताची पेज पुरते: गाळून, दुप्पट पाणी घालून, शेवटच्या पाण्यात. पेज नीट गाळली नाही तर इस्त्रीखाली शितं करपून पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

आता प्रदेशाचं. राज्याची सीमा कपड्यांत दिसत नाही. निपाणी आणि कागल, अथणी आणि मिरज, यांतला माणूस कपड्यावरून ओळखून दाखवा. निपाणी-चिकोडीचा माणूस लग्नाच्या बस्त्याला कोल्हापूर किंवा त्याच्याजवळची गांधीनगरची कापडपेठ गाठतो, अथणीचा मिरज-सांगलीला जातो, खानापूरचा बेळगावला येतो, आणि गोव्याची माणसं चोर्ला घाट चढून बेळगावच्या खडे बाजारात, गणपत गल्लीत खरेदीला येतात. फरक पडतो तो पावसानं आणि मातीनं. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, खानापूर: धो-धो पाऊस आणि तांबडी माती. मध्ये अडीच हजार फुटांवरचं बेळगाव शहर: पावसाळा लांब, हिवाळा बोचरा, उन्हाळा सुसह्य. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती: कोरडं ऊन, काळी माती. हे तीन पट्टे लक्षात ठेवले तर निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर जाड कपडा हा शत्रू समजा. जीन्स दोन-तीन दिवस वाळत नाही, कमरेच्या पट्ट्यात ओल राहते आणि आधी वास, मग बुरशीचे काळे ठिपके. त्या चार महिन्यांपुरती पॉलिस्टर-कॉटन मिश्रणाची पॅंट घ्या, घोट्याच्या वर दुमडता येईल अशा मोहरीची. घोट्यापाशी घट्ट पॅंट भिजली की वर सरकत नाही आणि चिखल आत अडकतो. पांढरं नकोच. तांबड्या मातीतला रंग लोहाचा असतो. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग जाण्याऐवजी आणखी पक्का होतो. आधी वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग साबण, आणि राहिलाच तर लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवून धुवा. काळ्या मातीचं उलट: ती साबणानं निघते, पण ओली असताना चोळली तर धाग्यात शिरते, म्हणून तीही वाळल्यावरच झाडायची. खानापूरकडच्या शेतात रोपलावणीला अजून कुठं कुठं इरलं दिसतं, बाकी सगळीकडं प्लास्टिकची खोळ. पाहुण्यानं तिथं कातडी चप्पल घालून जाऊ नये. त्याबद्दल पुढं सांगतो.

पूर्वेला गेलात की कपडा सैल होतो. अथणी-सौंदत्तीकडं म्हातारी माणसं धोतर, नेहरू शर्ट आणि डोक्याला पटका किंवा गांधी टोपी अशी दिसतात. हा पेहराव मराठी घरात आणि कानडी घरात सारखाच. उन्हाळ्यात तिथं पारा चाळिशीला टेकतो, आणि धोतर-पटका हा हौसेचा नाही, हवेचा हिशोब आहे. तुम्हाला धोतर नेसायला कुणी सांगत नाही, खरं तिथं फिरतीवर जाताना सुती, अर्ध्या बाह्यांचा, पाठीत दोन इंच सैल शर्ट हवा. ‘स्लिम फिट’ शर्ट घामानं पाठीला चिकटतो आणि दुपारपर्यंत काखेत पांढऱ्या रेघा उमटतात.

पूर्वेकडची खरी श्रीमंती म्हणजे इरकल. इलकल हे गाव बागलकोट जिल्ह्यातलं, तिथली ही साडी. आपल्याकडं तिला इरकली लुगडंच म्हणतात. ती नीट घेता यावी म्हणून जरा सविस्तर. अस्सल इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. अंगाला बहुधा सूत, पदराला रेशीम किंवा कृत्रिम रेशीम. दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फासासारखे अडकवून जोडतात, याला कोंडी म्हणतात. पदर लाल, त्यात पांढऱ्या रंगाची कंगव्याच्या दातांसारखी नक्षी, ती ‘टोपे तेणी’. ओळखायची खूण सोपी आहे: अंग संपून पदर सुरू होतो तिथं साडी उलटी करून उजेडात धरा. बारीक फासांची ओळ दिसली पाहिजे आणि त्या ओळीनंतर उभ्या धाग्यांचा रंग बदललेला पाहिजे. नकली साडीत अंगाचाच ताणा पदरातून सरळ पुढं जातो, आडवा धागा तेवढा लाल. त्यामुळं हिरव्या साडीचा पदर लाल न दिसता मातकट दिसतो. दुकानदार ‘शेड आहे’ म्हणतो. शेड नाही, ताणा आहे तो.

कोंडी हीच या साडीची नाजूक जागा. सेफ्टी पिन बरोबर जोडावर लावू नका, एक फास तुटला की दोन्ही बाजूंचे धागे सुटायला लागतात. बोटभर इकडं किंवा तिकडं लावा. दुसरी चूक फॉलची. सुती अंगाच्या साडीला कोरा फॉल तसाच लावला की पहिल्या धुण्यात फॉल आणि साडी वेगवेगळी आटते आणि काठ चुण्या घेऊन वर वळतो. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायला द्या. तिसरी चूक रंगाची. ओल्या पांढऱ्या फडक्यानं पदराचा कोपरा घासून पाहा. फडकं गुलाबी झालं तर पहिल्या दोन-तीन वेळा ड्रायक्लीन. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, पण रंग पक्का होतो तो रंगवतानाच. नंतरचं मीठ फुकट जातं. धुताना गार पाणी, भिजत ठेवायची नाही, पिळायची नाही, सावलीत वाळवायची, इस्त्री उलट्या बाजूनं.

इरकलीवर कसुतीचं भरतकाम असेल तर किंमत कशाची देताय ते बघा. हातची कसुती धागे मोजून काढलेली असते, खाली छापील नक्षी नसते. गवंती आणि मुरगी हे टाके मागून-पुढून सारखेच दिसतात आणि गाठ कुठंच नसते. नेयगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुलीचा टाका, तो मात्र मागून वेगळा दिसतो. उलट्या बाजूला बॉबिनचा पांढरा दोरा किंवा चिकट कागदाचे तुकडे दिसले तर ते मशीनकाम. मशीनकाम वाईट नाही, फक्त हातकामाचे पैसे देऊ नका. काळ्या चंद्रकळेवर कसुती ही या भागातली जुनी, मानाची साडी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती नेसून गेलात तर मराठी आणि कानडी, दोन्ही घरांतल्या आजी हात लावून बघतील.

खण गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. घोळ होतो तो पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद, तीस-बत्तीस इंचांच्या आसपास. साध्या ब्लाऊजपीसच्या हिशोबानं ऐंशी सेंटिमीटर घेतलात तर कोपरापर्यंतच्या बाह्या निघत नाहीत. एक मीटर घ्या, छाती चाळीसच्या वर असेल तर सव्वा. काठ बाहीला यायला हवा असेल तर टेलरला बेतायच्या आधी सांगा, कारण काठ एकाच दिशेनं धावतो आणि कात्री चालली की उपाय उरत नाही. खणाचे धागे कापलेल्या कडेला झटकन सुटतात. म्हणून अस्तर लावून, कडांना इंटरलॉक मारून घ्या आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, एक इंच तरी ठेवा. हल्ली खणाचे कुर्ते, जाकिटं, पर्सही निघतात. जाकीट झकास दिसतं. आख्खा कुर्ता मात्र वाऱ्याला बंद असतो, अथणीच्या एप्रिलमध्ये घालून दाखवावा.

नेसणीबद्दल एक बारकावा. नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर, म्हटलं की पुण्याच्या माणसाला कासोटाच आठवतो. इकडं अनेक लिंगायत घरांतल्या म्हाताऱ्या तेवढंच लांब लुगडं कासोटा न घालता गोल नेसतात आणि पदर डोक्यावरून घेतात. त्यांना ‘नऊवारी चुकीची नेसलीय’ असं म्हणणारे बाहेरून येतातच. तुम्ही त्यांत नसावं. रोजच्या वापरात आता दोन्ही प्रकार आजीच्या पिढीपुरतेच उरलेत. तरुण मुली गणपतीला आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला शिवलेली नऊवारी घालतात. ती शिवून घेणार असाल तर कंबर आणि उंची यांच्याइतकंच आसनाचं माप महत्त्वाचं: खुर्चीवर बसवून कमरेपासून बसण्याच्या जागेपर्यंत मोजायचं आणि वर दोन इंच सैल सोडायचे. उभं राहून घेतलेल्या मापावर शिवलेली नऊवारी मिरवणुकीत चालते, पंगतीला बसताना उसवते. आणि अस्सल इरकल त्यासाठी कापू नका. त्याला यंत्रमागाची साडी घ्या. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांत विणकरांची वस्ती आहे, तिथं तशी साडी मिळते.

शहरातल्या नोकरीचं पटकन सांगतो. बँक, सरकारी कचेरी, कॉलेज: पुरुषांना इन केलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट किंवा पट्ट्याची सॅंडल. बायकांना साडी किंवा चुडीदार, ओढणी पिन केलेली. जीन्स-टी-शर्ट शिक्षकानं घातला तर मुलं काही बोलत नाहीत, स्टाफरूम बोलते. टिळकवाडी-कॅंपात मुलामुलींचे कपडे तुम्हाला पुण्यासारखेच दिसतील. तेच विद्यार्थी शनिवारी गावाकडच्या बसमध्ये बसताना मात्र वर शर्ट चढवतात किंवा ओढणी घेतात. उद्यमबागेत फौंड्री पाहायला जाण्याचं काम पडलं तर अंगावर सुतीच हवं. वितळलेल्या धातूचा शिंतोडा पॉलिस्टरवर पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं, पण चिकटत नाही. पॅंटीची मोहरी बुटाच्या वरून खाली आलेली असावी, बुटात खोचलेली नको, नाहीतर शिंतोडा थेट बुटात उतरतो.

लग्नकार्य हा खरा परीक्षेचा पेपर. खेड्यात अक्षता दुपारी आणि जेवण पंगतीत, जमिनीवर मांडी घालून, असं अजून बऱ्याच ठिकाणी असतं. पुरुषांच्या बऱ्याच चुका इथंच होतात. कमी उंचीच्या आसनाची टाईट पॅंट मांडीला मागून उसवते, शर्ट वर सरकून कंबर उघडी पडते. प्लीट असलेली किंवा किमान सैल आसनाची पॅंट, आणि इन केल्यावरही पाच-सहा इंच आत राहील एवढा लांब शर्ट हवा. कोट नको. नवरदेवाचा मामासुद्धा कोट घालत नाही. नेहरू शर्ट, पायजमा आणि वर जाकीट उत्तम. त्याला छत्तीस इंची पन्ह्याचं कापड नेहरू शर्टला अडीच ते तीन मीटर, पायजम्याला सव्वादोन ते अडीच. कोरं सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे अडीच मीटरला साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर गेलेच. शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटाच्या वर चढतील.

दारातच मानाच्या पाहुण्याला टोपी-टॉवेल किंवा फेटा येतो. नाही म्हणू नका आणि लगेच काढूही नका, निदान अक्षता पडेपर्यंत डोक्यावर असू द्या. बांधायचा फेटा साधारण आठ-नऊ मीटरचा, बांधणारा माणूस तिथं असतो. त्याच्यासमोर कपाळ सरळ ठेवा आणि पहिला वेढा भुवईच्या दोन बोटं वर घ्यायला सांगा. खाली घेतला तर तासाभरात डोकं ठणकतं. तुमच्याकडून आहेर द्यायचा असेल तर शर्ट-पॅंटपीस अजून मानाचा आहे. अठ्ठावन्न पन्ह्यात शर्टला एक मीटर साठ, पॅंटला सव्वा ते एक मीटर तीस. कमी मापाचा पीस देऊन माणूस जन्मभर लक्षात राहतो, म्हणून तिथं दहा सेंटिमीटर वाचवू नका.

बायकांनी लग्नाला काठपदराची साडी नेसली की प्रश्न मिटला. भरजरी डिझायनर साडीवर कौतुक होतं, खरं इरकलीला किंवा पैठणीला जो मान मिळतो तो मिळत नाही. उघडी पाठ, बाह्या नसलेला ब्लाऊज हे शहरातल्या हॉलमध्ये चालतं. खेड्यात मंडपभर बायका बोलत नाहीत, फक्त मागून पदर सारखा करून देतात. तोच निकाल समजायचा.

पायात काय? कोल्हापुरी चप्पल म्हणतात ती अर्धी इकडचीच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि निपाणीला ती बनते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा बातम्यांत कोल्हापूर मोठ्यानं आलं, अथणी बारीक अक्षरांत. घेताना तळ वाकवून पाहा. अस्सल चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, खिळा नसतो, आणि वास बाभळीच्या सालीचा-हिरड्याचा येतो, रसायनाचा नाही. नवी चप्पल अंगठ्याला लागतेच. आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवा, पहिला आठवडा रोज तासभरच घाला. पावसात घातली तर चामडं फुगतं, वाळल्यावर कडक होऊन थर सुटतात. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ नको, कागद कोंबून सावलीत वाळवा, मग तेल. जून ते सप्टेंबर ती कपाटात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नाही, सुती पिशवीत.

रंगांबद्दल एक दिवस ध्यानात ठेवा: १ नोव्हेंबर. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो, लाल-पिवळ्या शाली आणि झेंडे घेऊन मिरवणुका निघतात. हा भाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे मराठी लोक तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात, काळे कपडे घालून फेरी काढतात. म्हणजे त्या तारखेला काळा शर्ट किंवा लाल-पिवळं उपरणं हा रंग राहत नाही, बाजू होते. तुम्हाला फक्त कामावर जायचं असेल तर निळा शर्ट घाला.

पुण्याहून आणायचं ते इतकंच: चांगले बूट, अंगात बसणाऱ्या दोन-तीन जीन्स, एक स्वेटर आणि एक पातळ जाकीट, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीवर हात आखडतात. बाकी इथं शिवून घ्या. टेलरचं काम अजून हाताशी आहे आणि रेडिमेडपेक्षा आसन नीट बसतं. फक्त वेळ पाळा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की चांगला टेलर पंधरा दिवस सांगतो आणि पंचवीस लावतो. ब्लाऊजला त्याहून जास्त. दिवाळीच्या आधी महिनाभर कापड टाका, पहिल्यांदा एकच शर्ट किंवा एकच ब्लाऊज शिवून, एकदा धुऊन, घालून बघा, मग बाकीचं द्या. शिवणीतली माया कापू नका असं पावतीवर लिहून घ्या. बेळगावचा कुंदा पोटात गेल्यावर सहा महिन्यांत ती उसवायला लागतेच.